हवाई दल, नौदल की आर्मी? आणि फायटरऐवजी हेलिकॉप्टर मिळालं तर?

प्रश्न असा आहे: 'मी बारावी सायन्सला आहे. मला पायलट व्हायचं आहे. हवाई दलात जावं, नौदलात की आर्मीत? फायटरच उडवायचं आहे. ते न मिळता हेलिकॉप्टर मिळालं तर करिअर वाया जाईल का?'

वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो. पहिल्या भागाचं उत्तर देणारे बरेच भेटतील. मी लिहायला बसलो तो तुझ्या शेवटच्या वाक्यामुळे. मी हवाई दलातला निवृत्त हेलिकॉप्टर पायलट. हाच प्रश्न गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि तोही घरातल्याच माणसाकडून. थोरल्या ताईचे यजमान, आमचे दाजी. माणूस देवमाणूस आहे, अडीनडीला रात्री-अपरात्री धावून येणारा. पण विमान म्हणजे फायटर आणि बाकी सगळी भरती, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

आधी कामाचं. फायटरच हवं असेल तर हवाई दल, पुढे बोलायलाच नको. आर्मीत फायटर नाही. नौदलात आहे, पण विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन विमानवाहू नौकांपुरतं. तिथली मिग-29के विमानं गोव्याला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर असतात. 26 राफेल-एमचा (नौदलासाठीच्या राफेलचा) करार एप्रिल 2025 मध्ये झाला, ती अजून यायची आहेत. म्हणजे नौदलात पायलट झालास तरी फायटरचं दार हवाई दलापेक्षा कितीतरी अरुंद. बहुतेक नौदल पायलट हेलिकॉप्टर किंवा डॉर्निअर, पी-8आय ही समुद्रावर टेहळणी करणारी विमानं उडवतात.

आता जे क्लासवाले सांगत नाहीत ते. हवाई दलात भरती झालास म्हणजे फायटर मिळालं असं नसतं. दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस विमानावर सगळ्यांचं प्रशिक्षण एकत्र होतं. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशा तीन वाटा फुटतात. तू पसंती लिहून देतोस, तुझी गुणवत्ता बघितली जाते आणि शेवटी त्या वर्षी दलाला काय हवंय त्यावर ठरतं. यातलं शेवटचं तुझ्या हातात शून्य. शिवाय फायटरच्या मंजूर स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, 42 आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29. नवी विमानं येतील तसं हे बदलेल, पण तू अकादमीत पोचशील तेव्हा किती जागा असतील हे आज कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून दल निवडताना विमान बघू नकोस, विमानातून उतरल्यावरचं आयुष्य बघ. उडणं दिवसात तास-दोन तास. उरलेला वेळ तू कुठे असणार? हवाई दलात एअर बेसवर, घर-कुटुंब जवळ. नौदलात तू आधी नाविक, मग पायलट. जहाजावरचे महिने, अरुंद केबिन, हलती जमीन. आर्मीत आधी जवानांसोबत राहणारा अधिकारी. यातलं कुठलं जगणं तुला झेपेल आणि आवडेल ते ठरव. विमान जे मिळेल ते मिळेल.

आणि हेलिकॉप्टर मिळालं तर काय 'वाया' जातं, ते आता सांगतो.

मी काही वर्षं सियाचेनवर चीता उडवलं. एका इंजिनाचं छोटं हेलिकॉप्टर, समोर सगळी काच. मूळ फ्रेंच लामा, आपल्याकडे एचएएल या सरकारी विमान कारखान्यानं परवान्यावर बनवलं. याच लामानं 1972 साली 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला होता. पण तो रिकाम्या, हलक्या केलेल्या हेलिकॉप्टरचा विक्रम. आम्हाला रोज माणसं आणि सामान न्यायचं असे. सगळ्यात वरच्या चौक्यांवर एका खेपेत रॉकेलचा एखादा जेरीकॅन जातो, एवढंच. मागची सीट काढून टाकलेली, इंधन मोजून-मापून, नाकावर ऑक्सिजनचा मास्क. आणि एकटं हेलिकॉप्टर कधी जात नाही, जोडीनंच जातात. एक उतरतं, दुसरं वर घिरट्या घालत थांबतं.

त्या खेपेला एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. उंचीवरचा आजार. औषध, ऑक्सिजन सगळं खरं, पण माणूस खाली आणला तरच वाचतो. चौकी अगदी वरची नव्हती, म्हणून एक माणूस उचलता येणार होता, पण तेवढाच. हवामान आदल्या दिवसापासून मिटलेलं. पहाटे ढग जरा फाकले आणि आम्ही निघालो. तिकडे सगळं पहाटेच उरकायचं असतं. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, वारा उठतो आणि हेलिकॉप्टरला जोर मिळत नाही.

हेलिपॅड म्हणजे बर्फ थापटून केलेला चौथरा, दोन्ही स्किड, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या खालच्या दांड्या, जेमतेम टेकतील एवढा. वारा कळायला काठीला बांधलेली कापडाची पट्टी. खाली आपण बघतो तसं हेलिकॉप्टर हवेत स्थिर ठेवून, अंदाज घेत, सावकाश उतरवणं तिथे जमत नाही, तेवढी ताकद शिल्लकच नसते. एका दमात यायचं आणि टेकायचं. नाहीच जमलं तर कुठल्या अंगानं निसटायचं ते आधी ठरवलेलं असतं, पण एका ठरावीक जागेपलीकडे आलास की तीही वाट बंद. टेकल्यावर इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या उंचीवर ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.

टेकलो. चौघे जण पंख्याखालून कमरेत वाकून त्याला स्लीपिंग बॅगसकट घेऊन आले आणि आत सरकवलं. त्याच्या मागोमाग एका सोबत्यानं त्याची रकसॅक आत ढकलली. माझ्या को-पायलटनं ती बाहेर ढकलली. त्यानं पुन्हा आत घातली. आवाज एवढा की बोलायची सोय नाही. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, घाईत आम्ही सामान विसरतोय. मी हातानं खूण केली, हा तरी येईल किंवा ही तरी. क्षणभर तो तसाच बघत राहिला. मग हातमोजा दातानं ओढून काढला, उघड्या हातानं रकसॅक उचकली, आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट काढलं, आजाऱ्याच्या जॅकेटात खोल कोंबलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि रकसॅक पोटाशी धरून मागे सरकला.

निघताना सरळ वर उठण्याचा प्रश्नच नव्हता. जेमतेम बोटभर उचललं, चौथऱ्याच्या कडेवरून नाक खाली घातलं आणि दरीत झोकून दिलं. वेग येईपर्यंत खाली, खाली, खाली. सगळं अंग सांगत असतं की वर ओढ आणि तेव्हाच वर ओढायचं नसतं. मग पंख्याला हवा लागते आणि हेलिकॉप्टर उडायला लागतं. जवान वाचला. पुढे तो कुठे गेला मला माहीत नाही, तशी पद्धतच नसते.

त्याच मोसमात सुट्टीवर आलो होतो. भाचीचं लग्न, पंगत बसलेली, जिलबी वाढत होते. दाजींनी मुलाकडच्या कोणाशी ओळख करून दिली. 'हे आमचे मेहुणे. एअर फोर्समध्ये असतात. फायटर नाय मिळालं, पण हेलिकॉप्टर चालवतात.' समोरच्या गृहस्थांनी 'असू दे, असू दे, सरकारी नोकरी आहे ना,' अशी माझी समजूत काढली.

वास्तविक मी हेलिकॉप्टर मागून घेतलं होतं. पसंतीच्या कागदावर पहिलं नाव तेच. हे दाजींना अजूनही पटत नाही, कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात. तुलाही तसं वाटलं तर माझी हरकत नाही. मला जमिनीजवळ उडायला आवडायचं, झाड, ओढा, माणूस दिसेल इतक्या खालून. ज्याच्यासाठी जातोय त्याचं तोंड बघायला मिळावं, असं वाटायचं. वेगाची हौस असते तशी ही पण एक हौस आहे आणि ती कमअस्सल नाही.

दाजींना कारगिलमधली पडलेली मिग विमानं तारखेसकट पाठ आहेत. 27 मे 1999, एक मिग-21, एक मिग-27. दुसऱ्याच दिवशी, 28 मेला, तोलोलिंगवर हल्ला करताना आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं आणि त्यातले चौघेही गेले. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथला पूर आला तेव्हा लोकांना काढायला हेलिकॉप्टरच गेली, 25 तारखेला गौरीकुंडाजवळ एक एमआय-17 कोसळून आतले 20 जण गेले. ट्रान्सपोर्टवाल्यांचंही तेच. 20 ऑगस्ट 2013 ला सी-130जे हे मालवाहू विमान लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरवलं, 16,614 फुटांवर. एवढं मोठं विमान, एवढ्या वरची धावपट्टी. त्याचं पोस्टर कुठल्या क्लासच्या भिंतीवर बघितलंस का?

दाजींचा हुकमी एक्का म्हणजे, 'हवाई दलाचा प्रमुख फायटरवालाच होतो.' मी फली मेजर यांचं नाव सांगितलं. 2007 ते 2009 हवाई दलप्रमुख, हेलिकॉप्टर पायलट. दाजी विचार करून म्हणाले, 'ते एकटेच ना पण?' एकटेच. हे मात्र खरं आहे आणि तुझ्यापासून लपवणार नाही. वरच्या हुद्द्यांवर फायटरवाल्यांचं पारडं जड आहे. एअर मार्शल व्हायच्या इराद्यानं सतराव्या वर्षी विमान निवडणार असशील तर गोष्ट वेगळी.

आर्मीचं राहिलं. आर्मी एव्हिएशन कोअर 1 नोव्हेंबर 1986 ला वेगळी झाली. त्याआधी तोफखान्याचे अधिकारी छोट्या विमानातून तोफांचे गोळे कुठे पडतात ते बघून नेम सुधारायला सांगायचे, त्यातून ही वाढली. प्रशिक्षण आपल्या नाशिकला. हेलिकॉप्टरं म्हणजे चीता, चेतक, ध्रुव, हल्ला करणारी रुद्र, प्रचंड आणि जुलै 2025 पासून अपाचेही. म्हणजे हेलिकॉप्टर हवंच आहे, वर जमिनीवरच्या सैनिकाचं आयुष्यही हवंय, अशा पोराला याच्यासारखं ठिकाण नाही. सियाचेनवर आर्मीचे पायलट आमच्या बरोबरीनं उडतात आणि कुठेही कमी नाहीत. मुलींनाही वाट खुली आहे. कॅप्टन अभिलाषा बराक यांनी मे 2022 मध्ये नाशिकलाच विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळवले. कोस्ट गार्डकडेही पायलट असतात, पण ते पदवीनंतर. समुद्रात अडकलेल्यांना शोधणं हे त्यांचं एक मोठं काम. मला विचारशील तर फार कमी लेखलेली नोकरी.

एवढं हेलिकॉप्टरचं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. पाठ जाते. सततची थरथर मणक्याला खाते, माझ्या ओळखीच्या बहुतेक हेलिकॉप्टरवाल्यांकडे कमरेचा पट्टा आहे, माझ्याकडेही. निवृत्तीनंतर एअरलाइनमध्ये जायचं डोक्यात असेल तर ट्रान्सपोर्टवाल्याला ते सोपं जातं. आमच्या तासांना तिथे तेवढी किंमत नाही. आम्ही मुंबईहून समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार ने-आण करण्याच्या नोकऱ्या बघतो. आणि फायटरवाल्यांबद्दल माझ्या मनात आकस आहे असं समजू नकोस. माझ्या कोर्समधले काही मित्र त्यातच गेले, परत आले नाहीत. माझं भांडण फायटरशी नाही, प्रेक्षकांशी आहे.

बारावीत आहेस म्हणजे एनडीए, यूपीएससीची बारावीनंतर अधिकारी व्हायची परीक्षा, हीच पहिली वाट. हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं, सायन्सला मॅथ्स घेतलं असशील तर ते तुझ्याकडे आहे. यूपीएससीच्या फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम विचारतात, तिथे विचार करून लिही. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएतून हवाई दलाच्या 120 जागा असतात आणि त्यातल्या फ्लाइंगच्या 92. हुकलं तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा आहे, वय 20 ते 24, शॉर्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीत, 14 वर्षं.

लेखी परीक्षेनंतरच्या निवडीच्या फेरीत, म्हणजे एसएसबीत, सीपीएसएस नावाची पायलट चाचणी असते, पूर्वी तिला पीएबीटी म्हणायचे. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालास की उडणं संपलं, तीन दलांतली निवड वगैरे सगळं बाजूला राहिलं. झोप न झालेल्या डोळ्यांनी तिथे जाऊ नकोस. मेडिकलमध्ये पोरं भलत्याच गोष्टींवर अडकतात. उंची किमान 162.5 सेंटीमीटर लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण मांडीची लांबी 64 सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही हे तिथे गेल्यावर कळतं. कॉकपिटमध्ये गुडघे मावायला हवेत ना. रंग नीट ओळखता येत नसतील तर कुठल्याच दलात पायलट होता येत नाही, आणि गंमत म्हणजे हा दोष असलेल्या मुलाला तो आहे हे कित्येकदा माहीतच नसतं. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक असतं, पाच मिनिटांत तपासून होतं. क्लासची फी भरण्याआधी ते करून घे आणि मेडिकलचे चालू नियम जाहिरातीतून स्वतः वाच. मी सेवेत होतो तेव्हाचे काही आता बदललेत, चष्म्याचे आणि लेझरचे तर नक्कीच.