‘काशर’ : गाठ मारणं आणि कट करणं

मूळ हिब्रू बायबलात ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:८) देवाची वचनं हाताला बांधायला सांगणारं क्रियापद आणि २ राजे ११:१४ मध्ये अथल्या राणी वस्त्रं फाडून जे ओरडते तो शब्द, हे एकाच धातूचे आहेत की केवळ उच्चार जुळतात, असं तुम्ही विचारलंत. धातू एकच आहे. क्रियापद काशर, नाम केशेर. योवाशाला राज्याभिषेक झालेला पाहून अथल्या ‘केशेर! केशेर!’ म्हणजे ‘कट! कट!’ असंच ओरडते.

मग अर्थ ठरवायचा कसा? पुष्कळ जण ‘अल’ (वर, विरुद्ध) या अव्ययाकडे बोट दाखवतात, पण तेवढ्यानं भागत नाही. हाता‘वर’ बांधण्यातही ‘अल’ आहे आणि राजा‘विरुद्ध’ कट करण्यातही (१ राजे १५:२७, बाशा) ‘अल’च आहे. कर्म शोधा. खरोखरची गाठ असेल तिथे काय बांधलं ते बहुधा सांगितलेलं असतं: तामारेच्या बाळाच्या हाताला सुइणीनं बांधलेला किरमिजी धागा (उत्पत्ती ३८:२८), किंवा फरात नदीत बुडवायच्या ग्रंथाला बांधायचा दगड (यिर्मया ५१:६३). कटाच्या वाक्यात असं कर्म नसतं, किंवा ‘केशेर’ हेच कर्म असतं (२ राजे १५:३०, होशे). कारण तिथे माणसं स्वतःलाच एकमेकांशी बांधून घेतात. येहूच्या बंडात (२ राजे ९:१४) तर क्रियापदाचं रूपच आपसातली क्रिया दाखवणारं आहे. आपण राजकारणात विरोधकांची ‘मोट बांधली’ म्हणतो, ते याच्या बरंच जवळ जातं, फक्त हिब्रू शब्दात द्रोहाचा वास जास्त आहे.

माझ्या मते या धातूचं खरं सामर्थ्य तिसऱ्या वापरात आहे. बेन्यामिनासाठी गयावया करताना यहूदा म्हणतो की बापाचा जीव या मुलाच्या जिवाशी बांधलेला आहे (उत्पत्ती ४४:३०). आणि १ शमुवेल १८:१ मध्ये शौल राजाचा मुलगा योनाथान याचा जीव दाविदाच्या जिवाशी बांधला जातो. दोन्हीकडे काशर, दोन्हीकडे ‘नेफेश’ म्हणजे जीव, आणि अव्यय ‘अल’ नाही तर ‘बे’ (इथे ‘-शी’).

आता त्याच पुस्तकात पुढे २२:८ वाचा. शौल आपल्या सेवकांवर ओरडतो: तुम्ही सगळ्यांनी माझ्याविरुद्ध कट केलाय, माझ्या मुलानं इशायाच्या मुलाशी (म्हणजे दाविदाशी) करार केला तरी मला कुणी सांगत नाही! इथेही काशरच. मुलाच्या बाबतीत जो शब्द जिव्हाळ्याचा होता, तोच बापाच्या तोंडी आरोप होऊन येतो. पुढे २२:१३ मध्ये अहीमलेख याजकावर तोच आरोप, तेच क्रियापद, आणि त्यापायी नोब गावचे ८५ याजक मारले जातात. मराठीत या ठिकाणी वेगवेगळे शब्द येतात, ते अपरिहार्यही आहे, पण त्यामुळे हा धागा हाती लागत नाही. म्हणून हे अध्याय हिब्रू मजकूर शेजारी ठेवूनच वाचावेत, असं मी आग्रहानं सांगेन.

नवसानं स्वतःला बांधून घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंत (गणना ३०). तिथे काशर नाही, ‘आसर’ आहे. शमशोनाला दोरांनी जखडताना आणि योसेफाचा रथ जुंपतानाही (उत्पत्ती ४६:२९) आसरच येतं. इसहाकाला वेदीवर बांधताना मात्र ‘आकद’ हे निराळंच क्रियापद आहे आणि ते बायबलमध्ये त्या एकाच जागी, उत्पत्ती २२:९ मध्ये, भेटतं.