स्लीव्ह की बायपास? निवडीआधी तपासायच्या गोष्टी

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह आणि बायपास या शस्त्रक्रियांबद्दल विचारणारे बहुतेक जण किलोंपासून सुरुवात करतात. निवड मात्र बहुधा छातीतली जळजळ, चालू असलेली औषधे आणि आयुष्यभर गोळ्या घेण्याची तयारी यांवर ठरते.

प्रश्न: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४१. मधुमेह नाही, पण आठ वर्षे रात्री घशाशी आंबट येते; रोज गोळी घेतो. एक सर्जन स्लीव्ह सांगतात, दुसरे बायपास. कोणाचे ऐकू?

आधी एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर बघणे) करून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढतात. उरते ती अरुंद नळी. या नळीत दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप त्याला पुरी पडत नाही, म्हणून आम्ल वर येते. या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या एसएम-बॉस चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१८ मध्ये आले. त्यात रिफ्लक्स (आम्ल वर येणे) वाढल्याचे प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के, तर बायपासनंतर सुमारे ६ टक्के होते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून तिला छोटे आतडे जोडतात. आम्ल बनवणारा मोठा भाग बाजूला पडतो, पित्तही बरेच खाली जाऊन अन्नात मिसळते. त्यामुळे अन्ननलिकेला गंभीर सूज, बॅरेटचा बदल (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणे) दिसला, तर आमचे मत स्पष्टपणे बायपासच्या बाजूने आहे. एंडोस्कोपी स्वच्छ निघाली आणि तरी त्रास आहे, तर अन्ननलिकेतले आम्ल मोजणारी २४ तासांची पीएच तपासणी मागा. यातले काहीच न बघता दिलेला स्लीव्हचा सल्ला मान्य करू नका.

वजनाचे म्हणाल, तर फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीत पाच वर्षांनी जादा वजनातले ४९ टक्के स्लीव्हने आणि ५७ टक्के बायपासने उतरले होते. फरक आहे, पण तेवढ्यावर निर्णय घ्यावा इतका मोठा नाही.

प्रश्न: बारा वर्षांपासून मधुमेह, त्यात चार वर्षे इन्सुलिन. कोणत्या शस्त्रक्रियेने मधुमेह जाईल?

‘जाईल’ असे वचन कोणी दिले तर सावध व्हा. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितके जास्त, तितकी औषधे पूर्ण सुटण्याची शक्यता कमी. सी-पेप्टाइडच्या तपासणीतून स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवते याचा अंदाज येतो. ते फार कमी असेल तर अपेक्षाही तशीच ठेवावी. मधुमेहींवरच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि फक्त औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के होते. म्हणजे तुमच्यासाठी बायपासचे पारडे थोडे जड आहे. औषधे पूर्ण सुटली नाहीत तरी इन्सुलिनची मात्रा उतरणे हाही मोठा फायदा आहे.

दोन गोष्टी मात्र विसरल्या जातात. शस्त्रक्रियेनंतर साखर झपाट्याने उतरते, म्हणून इन्सुलिनच्या मात्रेचा आराखडा शस्त्रक्रियेआधीच लेखी घ्या. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कारण साखर एकदम खाली आली की जुनी रेटिनोपॅथी (मधुमेहाने पडद्याला झालेली इजा) बळावू शकते.

प्रश्न: सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक जवळजवळ रोज लागते. बायपास चालेल?

गोळी थांबवता येत नसेल, तर नको. पिशवी आणि आतडे जिथे जोडतात तिथे आतड्याला आम्लापासून संरक्षण नसते. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले की तिथे अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, कधी छिद्रही पडते. धूम्रपानाने हाच धोका वाढतो. अशा वेळी स्लीव्ह बरी.

प्रश्न: मिनी बायपास सोपा असतो म्हणतात. खरे का?

दोनऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो. पण पित्त थेट जठराच्या लांब पिशवीपाशी येते. जुना रिफ्लक्स असेल तर ही रचना टाळावी. शिवाय साधारण १५० ते २०० सेंटिमीटर आतडे वगळले जाते. त्याहून जास्त वगळले तर तेलकट जुलाब आणि प्रथिनांची कमतरता यांचा धोका चढतो. म्हणून सर्जनना नेमके विचारा: किती सेंटिमीटर वगळणार, आणि उरणारे आतडे मोजणार का?

नेहमीच्या बायपासलाही स्वतःचा धोका आहे. वजन उतरल्यावर आतड्याच्या पडद्यातली चरबी विरते, आतडे जोडताना तिथे राहिलेल्या फटी रुंदावतात आणि आतडे त्यात अडकू शकते. त्या फटी शस्त्रक्रियेतच टाके घालून बंद करणार का, हे विचारून ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी जेवणानंतर पोटात पिळवटून दुखू लागले तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबू नका. सीटी स्कॅन ठीक दिसला तरी दुखणे राहिल्यास छोट्या छेदातून दुर्बीण घालून पोट आतून बघावे लागते.

प्रश्न: गॅस्ट्रिक बँड (जठराभोवती बसवायचा पट्टा) काढता येतो, मग तोच का नको?

तो सरकतो, जठरात रुततो, वजनही कमी उतरते. अनेकांना पुढे तो काढावाच लागतो.

प्रश्न: स्लीव्हमध्ये आतडे जोडत नाहीत, मग व्हिटॅमिनच्या गोळ्या लागणार नाहीत ना?

लागतात, आयुष्यभर. दोन्हींसाठी मल्टिव्हिटॅमिन, रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम (सायट्रेट असल्यास उत्तम, दोन-तीन भागांत), ३००० युनिट ड जीवनसत्त्व, ३५० ते १००० मायक्रोग्रॅम बी-१२, आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास ठेवा, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम. गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळा.

पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या होत असतील, तर थेट रुग्णालय गाठा. बी-१ चा साठा काही आठवड्यांतच संपतो आणि मेंदूला इजा होऊ शकते. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायामिनचे (म्हणजे बी-१ चे) इंजेक्शन द्यावे लागते. शस्त्रक्रिया झाली आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.