पान दाखव, मग बोल

नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

या उन्हाळ्यात तू तीन कादंबऱ्या वाचल्यास आणि शेवटी मला विचारलेस की, 'कोसला' वाचताना कंटाळा आला, सगळे तर तिला थोर म्हणतात, मग चूक माझी की पुस्तकाची? हा प्रश्नच मला मान्य नाही. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाड्यांच्या या कादंबरीचे तुझ्या कंटाळ्याने काही बिघडत नाही, आणि तिच्या थोरवीमुळे तुझा कंटाळा खोटाही ठरत नाही. मला एवढेच सांग, कंटाळा कोणत्या पानावर आला? वसतिगृहातल्या उनाडक्या, मेसचा कारभार, नायक पांडुरंगाचे ते सततचे 'वगैरे', यांपैकी नेमके कुठे पुस्तक पालथे ठेवलेस? आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने? त्यांच्याविषयी तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. तीही कंटाळवाणी वाटली असतील तर तसे लिही, मी ऐकून घेईन. पण ती वगळून साऱ्या पुस्तकावर शेरा मारणार असशील तर ऐकणार नाही.

'धग'च्या बाबतीत तर तू मला चिडवलेसच. 'आपल्या वऱ्हाडातली आहे म्हणून आवडली' हे काही मत नव्हे. बर्डीवरच्या सभागृहांतून 'आपला लेखक' म्हणून टाळ्या वाजवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना 'धग'च्या नायिकेचे, कौतिकचे नाव विचारले की ते चहाच्या दिशेने निघतात. उद्धव शेळक्यांनी १९६० साली पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी बोली ठेवली, हे खरेच. पण त्या बोलीत कौतिक कुठे फटकारते आणि कुठे शब्द गिळून कामाला लागते, हे तू पाहिलेस का? नवऱ्याचा आधार नाही, दारिद्र्य हटत नाही आणि ही बाईही हटायला तयार नाही, हे ज्या प्रसंगात तुला जाणवले तो प्रसंग दाखव. पान दाखव, बेटा.

माझ्या या हट्टाला लोक हेकटपणा म्हणतात, आणि तो मला महागात पडला आहे, हेही तुझ्यापासून लपवत नाही. एका नियतकालिकासाठी मी एका गाजलेल्या कादंबरीचे परीक्षण लिहिले होते आणि प्रत्येक आक्षेपापुढे पृष्ठांक दिला होता. संपादकांचा निरोप आला की, आक्षेप राहू द्या, पण पृष्ठांक काढा, कारण त्यांमुळे लेखकाला ते फार लागतील. मी काढले नाहीत. परीक्षण छापले गेले नाही आणि त्यानंतर तिथून पुस्तके येणेही थांबले. आज एखाद्या नव्या कादंबरीवर दहा माणसे बोलतात आणि त्यांत माझे नाव नसते, तेव्हा वाईट वाटते, नाही असे नाही. पण पृष्ठांक काढलेले परीक्षण छापून आले असते तर ते कुणाचे, हे मला तरी कसे सांगता आले असते? असो. माझे रडगाणे तुला ऐकवण्यासाठी हे पत्र नाही.

तुझ्या पत्रातील एकच परिच्छेद मला खरा वाटला. 'रणांगण'चा नायक चक्रधर भित्रा आहे, असे तू लिहिलेस आणि बोट मुंबईला लागल्यावर तो उतरतो, त्याच्या प्रेयसीला, हॅर्टाला मात्र तीच बोट पुढे घेऊन जाते, त्या भागावर बोट ठेवलेस. तिथे तू कुणालाही विचारले नाहीस की माझे बरोबर आहे का. १९३९ साली विश्राम बेडेकरांनी लिहिलेल्या त्या छोट्या पुस्तकावर मी स्वतः कितीतरी वेळा बोललो असेन, पण तुझ्या त्या चार ओळी वाचून मला ते पुन्हा काढावे लागले.

तरीही तुझे म्हणणे मला पटलेले नाही. जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यू मुलीला त्या काळी कोणत्या बंदरावर उतरू दिले असते, याचा विचार तू केलेला दिसत नाही. चक्रधराच्या हातात नेमके किती होते, ते मोजल्याशिवाय त्याला भित्रा म्हणता येणार नाही. रविवारी उन्हे उतरल्यावर ये आणि तुझी प्रत घेऊन ये, म्हणजे त्या शेवटच्या पानांवरून नीट भांडता येईल.

तुझा,
काका