रिग्रेशन टेस्ट: ‘प्रतिगमन’ नको, ‘उलटणे’ बघा

प्रश्न असा आहे: जीडीबी या डीबगरसाठी (डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधले बग, म्हणजे चुका, शोधायला मदत करणारं साधन) टेस्ट कशा लिहाव्यात याच्या मराठी टिपा तयार होत आहेत. त्यांत ‘रिग्रेशन टेस्ट’ला, म्हणजे सुधारलेलं काही पुन्हा बिघडलं का हे पकडणाऱ्या टेस्टला, ‘प्रतिगमन चाचणी’ लिहिलं, पण वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. मग ‘पुनर्चाचणी’ म्हणावं का? आणि निकालात येणारे ‘एक्सफेल’ व ‘केफेल’ हे दोन शेरे मराठीत वेगळे कसे दाखवायचे?

‘पुनर्चाचणी’ आधी निकालात काढतो. चाचणी हा देशी शब्द, त्याला संस्कृत ‘पुनर्’ जोडलं की कानाला खटकतं. अशा जागी मराठीत ‘फेर’ लागतं: फेरमोजणी, फेरतपासणी. पण ‘फेरचाचणी’सुद्धा इथे अर्थाने बसत नाही. बग दुरुस्त केला, तो खरंच गेला का हे पुन्हा बघितलं, ही झाली फेरचाचणी. रिग्रेशन टेस्टचं काम त्यानंतर सुरू होतं. डीबगरच्या कोडमध्ये कुणीही, कुठेही हात घातला की ती चालवायची. टेस्टिंग करणारे ही दोन कामं वेगळी मानतात, तेव्हा त्यांची नावंही वेगळी असू द्या.

‘प्रतिगमन’ म्हणजे लॅटिन मुळातल्या ‘मागे जाणे’चा शब्दशः उतारा. व्युत्पत्ती बरोबर, उपयोग शून्य, कारण मराठीत कुठलंही बिघडलेलं काम ‘प्रतिगमन’ करत नाही. संख्याशास्त्रातला ‘समाश्रयण’ हा शब्दही उचलू नका. उंच आईवडिलांची मुलं सरासरी उंचीकडे झुकतात, हे गाल्टनने १८८६ साली मांडलं, तिथून ते रिग्रेशन आलं. आपल्या बगशी त्याचं नातं नाही.

आपल्याकडे यासाठी नेमकं क्रियापद आहे: उलटणे. बरा होत आलेला ताप परत चढला की आपण म्हणतो, ‘दुखणं उलटलं’. दुरुस्त झालेला बग परत आला तर ‘बग उलटला’ म्हणा, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. गंमत म्हणजे हेच क्रियापद रिग्रेशनची दुसरी जातही सांगतं. एक बग सुधारायला गेलो आणि त्या बदलानेच दुसरं, नीट चालणारं काही मोडलं, तर मराठी माणूस म्हणेल, ‘दुरुस्ती अंगावर उलटली’. इंग्रजीतला एकच शब्द या दोन्हींवर पांघरूण घालतो. मराठीत ‘अंगावर’ आलं की फरक उघड होतो.

नाम मात्र यातून पाडू नका. ‘उलटचाचणी’ म्हटलं की ‘उलटतपासणी’ आठवणार आणि वाचक थेट कोर्टात पोचणार. माझं मत: ‘रिग्रेशन टेस्ट’ तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘उलटलेला बग पकडणारी टेस्ट’ असं सांगा, आणि पुढे गद्यात ‘उलटणे’ मोकळेपणाने वापरा.

हे वाक्यात कसं बसतं ते बघू. समजा, सी भाषेत तीन बिटांचं एक चिन्हांकित (उणे आकडेही ठेवणारं) फील्ड आहे, त्यात -१ भरलेला आहे, आणि डीबगर मात्र ‘प्रिंट’ केल्यावर ७ दाखवतो (तिन्ही बिट १, चिन्ह विसरलं की ७). बग सुधारला, आता टेस्ट लिहायची. छोटा प्रोग्रॅम घ्यायचा, ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण नेमलेल्या ओळीवर, थांबवायचा, प्रिंट द्यायचं आणि आलेला मजकूर एका नमुन्याशी जुळवायचा. जीडीबीच्या टेस्ट टिकल भाषेत, डेजाग्नू या चौकटीत लिहिल्या जातात आणि नेहमीच्या पद्धतीत नमुना उत्तराच्या शेवटाशी घट्ट बांधलेला असतो, सुरुवातीशी नाही. त्यामुळे नमुना नुसता ‘१’ ठेवला तर -१ पास, १ पास आणि ११ सुद्धा पास. उद्या चिन्ह पुन्हा हरवून १ छापला गेला, म्हणजे बग निराळ्या रूपात उलटला, तरी टेस्ट गप्प बसेल. म्हणून ‘ = -१’ एवढं लिहायचं. जीडीबी उत्तर ‘$१ = -१’ असं छापतो, त्यातला आधीचा ‘$१’ मात्र सोडून द्यायचा, कारण तो छापलेल्या उत्तरांचा चालू क्रमांक असतो. वर कुणी आणखी एक प्रिंट घातलं की तो ‘$२’ होतो आणि बग नसताना बोंब उठते.

यातलं एक वाक्य तुमच्या टिपांत ठळक छापा: ‘दुरुस्तीआधीच्या डीबगरवर ही टेस्ट नापास झाली पाहिजे.’ जी टेस्ट तिथेही पास होते, ती बग उलटल्यावर काय ओरडणार?

आता शेरे. ‘फेल’ला ‘अपयश’ लिहू नका. फार गंभीर वाटतं. पास-नापास पुरे. पण एक पेच आहे. परीक्षेत विद्यार्थी नापास होतो, परीक्षा नव्हे. इंग्रजीच्या ओघात मात्र आपण ‘टेस्ट फेल झाली’ म्हणून जातो, मीही वर तेच केलं आहे. बोलीत हे रुळलं आहे, चालू द्या. डीबगरच्या बाबतीत मात्र नापास नक्की कोण झालं हे शोधावंच लागतं. कंपायलरने (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) डीबगसाठीची माहितीच चुकीची लिहिली असेल तर डीबगर बिचारा काय छापणार?

एक्सफेल आणि केफेल यांतला भेद नेमका हाच आहे. जीडीबीच्या रिवाजात दोष बाहेरचा असेल, म्हणजे कंपायलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा, तर एक्सफेल. दोष जीडीबीचाच असेल, माहीत असेल पण अजून सुधारला नसेल, तर केफेल, आणि त्याच्याबरोबर बगचा क्रमांक. शब्दशः ‘अपेक्षित नापास’ आणि ‘ज्ञात नापास’ केलंत तर भेद बुडाला, दोन्ही अपेक्षितही आहेत आणि ज्ञातही. मी ‘नापास, दोष बाहेरचा’ आणि ‘नापास, दोष घरचा’ असं लिहीन. लांब आहे, पण शेरा वाचून पुढे काय करायचं ते कळतं. ‘अनरिझॉल्व्हड’ म्हणजे पास की नापास हेच ठरवता आलं नाही, उदाहरणार्थ मध्येच डीबगर कोसळला. तिथे ‘निकाल नाही’ पुरे. आणि केफेलची खूण असलेली टेस्ट पास झाली की येणाऱ्या ‘केपास’ला ‘अनपेक्षित पास’ म्हणा, पण टीप द्या की घरचा दोष कुणीतरी नकळत सुधारला असण्याची शक्यता आहे. बगच्या नोंदीत जाऊन खात्री करावी आणि टेस्टमधली केफेलची खूण काढावी.