कारखान्यावर न येणारीला विचार

प्रिय बाळ,

तुझ्या प्रबंधाची सिनॉप्सिस दोनदा वाचली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बायकांमधला मधुमेह आणि दमा, विषय चांगला आहे. माझी हरकत एकाच ओळीवर आहे: ‘कारखान्यावर माल द्यायला येणाऱ्या २०० महिला’.

तुझ्या वयाचा असताना मी हेच केलं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर घेऊन गेलो, रांगेनं सगळ्यांना फुंकायला लावलं. आकडे इतके सुरेख आले की कापसाची धूळ फुप्फुसाला मानवते की काय, असं वाटावं! एक म्हातारा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, शेवटी म्हणाला, “डॉक्टर, ज्याला दम लागतो तो माग सोडून कधीच गावी गेला की.” पुस्तकात याला ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणतात. मी परीक्षेत त्यावर टीप लिहून आलो होतो, तरी शेडमध्ये तो मला दिसला नाही.

बिडीतही तेच होणार. जिला आठ-आठ तास मांडी घालून बसवत नाही, तिचं कामगार कार्ड चालू असतं, पण माल घेऊन सून येते. सुनेची शुगर तपासून सासूच्या आजाराचा निष्कर्ष काढू नकोस. घरी जा. पाच वर्षांत काम कुणी सोडलं, का सोडलं, हे आधी लिहून काढ. तंबाखू सोडलेल्यांचंही तसंच. आजार झाला म्हणून सोडणारे पुष्कळ असतात. तारखा विचारल्या नाहीस तर तुझ्या तक्त्यात तंबाखू सोडणंच घातक ठरेल.

हे अवघड आहे, पण आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला पेशंट दवाखान्यात येतच नव्हता, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांना लक्षणं समजावत राहिली. पुढे तिथल्याच रुग्णालयाच्या सहभागानं शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला, की एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना मात्र चाचणी न करता नेहमीच्या सेवेवरच ठेवलं होतं, त्यावरून नंतर बराच वाद झाला. तो वादही वाच. एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी वाचलास तर बरं.

आता तुझी प्रश्नावली. नववा प्रश्न, ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ याला अर्ध्या जणी ‘नाही’ म्हणतील आणि ते खोटं नसेल. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे, ते दात घासणं. ‘सकाळी मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?’ असं विचार, आणि त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत विचार. तर्जुमा विद्यापीठातल्या कुणाकडून नको, बिडी वळणाऱ्या घरातल्याच एखाद्या मुलीकडून करून घे. दम्याच्या प्रश्नात यंत्रमागावरची माणसंही घेणार असशील तर वार विचार. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजारात सुरुवातीला सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरेल तशी सैल पडते. ‘कधी कधी त्रास होतो’ एवढ्यावर ते हातातून निसटतं.

आणि मधुमेह नुसत्या एचबीएवनसीवर, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, ठरवू नकोस. या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचंच. लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वर सरकू शकतं. हिमोग्लोबिन कर, आणि जमेल तिथे उपाशीपोटीची साखर किंवा ग्लुकोज पाजून तपासणी. खर्च वाढेल. मग २०० च्या १२० कर, माझी काही तक्रार नाही.

गुरुवारी दुपारी घरी ये. येताना नववा प्रश्न खोडून आण, आणि शक्य झालं तर काम सोडलेल्या एका तरी बाईशी बोलून ये.

तुझा,
सर