'कोल्ड' म्हणजे थंड नव्हे: पॉलिप खुडणं, कापणं, डागणं

प्रश्न असा आला आहे: कोलोनोस्कोपीनंतर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीनंतर, मिळालेल्या कागदावर '४ मिमी सेसाइल पॉलिप, कोल्ड स्नेअर पॉलिपेक्टॉमी' असं लिहिलंय. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे मराठीत कसं सांगावं? 'थंड फासाने गाठ काढली' म्हटलं तर चालेल का?

आधी 'गाठ' बाजूला ठेवू या. पोटात गाठ निघाली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच आजार उभा राहतो आणि पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. शिवाय अर्थही चुकतो. गाठ म्हणजे आतली, टणक, चाचपली की हाताला लागणारी. पॉलिप हा मोठ्या आतड्याच्या अस्तरावर आलेला उंचवटा असतो. एवढासा पॉलिप सहसा निरुपद्रवी असतो, पण अ‍ॅडिनोमासारखे काही प्रकार बऱ्याच वर्षांनी कर्करोगाकडे झुकू शकतात, म्हणून दिसला की काढून टाकतात. 'मोड' आणि 'कोंब' हे शब्द रूपाला किती शोभले असते! पण ते मूळव्याधीकडे कायमचे गेले. तेव्हा 'पॉलिप'च राहू द्यावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'अनेक पायांचा'. ऑक्टोपससारख्या प्राण्याचं हे नाव ग्रीक वैद्यांनी नाकातल्या वाढीला दिलं.

'सेसाइल'ला मात्र आपला शब्द तयार आहे. वनस्पतिशास्त्रात देठ नसलेल्या पानालाही इंग्रजीत सेसाइलच म्हणतात आणि मराठीत ते 'बिनदेठाचं पान' होतं. मग पॉलिपही बिनदेठाचा किंवा देठाचा. चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

आता 'कोल्ड'. इथे 'थंड' म्हटलं की वाटतं, काहीतरी गोठवलं असेल. तसं काहीच होत नाही. कोलोनोस्कोपच्या आतल्या नळीतून बारीक तारेचा फास बाहेर येतो, पॉलिपभोवती पसरतो आणि हळूहळू आवळला जातो. त्या तारेतून वीज सोडली तर ऊतक जळत कापलं जातं, ते 'हॉट'. वीज सोडलीच नाही, नुसत्या आवळण्याने कापलं, तर 'कोल्ड'. म्हणजे हा 'कोल्ड' तापमान सांगत नाही, विजेचा अभाव सांगतो. आणि यासाठी मराठीत फार नेमकं क्रियापद आहे: डागणे. 'हॉट' म्हणजे डागून, 'कोल्ड' म्हणजे न डागता. हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत अर्शावरचे, म्हणजे मूळव्याधीवरचे, चार उपाय आहेत: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. अग्नी वेगळा, शस्त्र वेगळं.

न डागण्याचं कारण 'खपली' या शब्दाने चटकन समजतं. डागलेल्या जागी खपली धरते आणि काही दिवसांनी ती सुटताना रक्तस्राव होऊ शकतो. उष्णता आतड्याच्या भिंतीत खोलवर गेली तर छिद्र पडण्याचीही भीती असते. न डागता कापलं तर तिथल्या तिथे थोडं रक्त झिरपतं आणि बहुधा आपोआप थांबतं. युरोपियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोइंटेस्टिनल एंडोस्कोपीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ५ मिमीपर्यंतच्या आणि ६ ते ९ मिमीच्या बिनदेठाच्या पॉलिपसाठी हीच पद्धत सुचवली आहे. देठाच्या मोठ्या पॉलिपला डागण्याचा उपयोग होतो, कारण देठातून रक्तवाहिनी आलेली असते.

तिसरा प्रकार चिमट्याचा. अगदी बारीक, १ ते ३ मिमीचा पॉलिप फासात धरता येत नसेल तर छोट्या जबड्याच्या चिमट्याने काढतात. याला मी 'खुडणे' म्हणेन, आणि नुसतं गोड वाटतं म्हणून नव्हे. शेंडा खुडला की खालून फुटवा येतो, हे मराठी बोलणाऱ्याला ठाऊक असतं. चिमट्याची अडचण नेमकी हीच आहे: घासाघासाने काढताना थोडासा भाग मागे राहून जाऊ शकतो. फास मात्र पॉलिपच्या कडेने एक-दोन मिलिमीटर निरोगी अस्तर घेऊन आवळतात. त्याला शब्द 'सकट': कडेसकट कापला. 'मुळासकट' मात्र म्हणू नये. इथे फक्त वरचं अस्तर निघतं, भिंतीच्या स्नायूला हात लागत नाही. 'मुळासकट' ऐकून आतड्यात खड्डा पडला असं वाटायचं.

'फास' या शब्दाबद्दल मी बराच घुटमळलो. गळफास आठवतो, हे खरं. 'तारेचा फास' म्हटलं की ती सावली बरीच निवळते, आणि 'सुरगाठ' म्हणावं तर पुन्हा 'गाठ' आलीच. कोलोनोस्कोपमधून असा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात झाली १९६९ मध्ये, न्यूयॉर्कला, हिरोमी शिन्या या शल्यविशारदांच्या हातून. पोट न उघडता हे होऊ लागलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तर वडीलधाऱ्यांना असं सांगा: "मोठ्या आतड्याच्या अस्तरावर चार मिलिमीटरचा, बिनदेठाचा एक पॉलिप होता. दुर्बिणीतूनच तारेचा फास आवळून, न डागता, कडेसकट कापला आणि तपासायला पाठवलाय."