संरक्षण खात्याचं बजेट गुप्त असतं का? संसदेला त्याची तपासणी करता येते का?

नाही, सगळं गुप्त नसतं. हा खर्च चार अनुदान मागण्यांमधून, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांमधून, लोकसभेपुढे येतो: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च (पगार, देखभाल वगैरे), भांडवली खर्च आणि पेन्शन. २०२५-२६ ची तरतूद ६,८१,२१० कोटींची होती. त्यात भांडवली खर्चाला, म्हणजे मुख्यतः शस्त्रखरेदीला, १.८० लाख कोटी आणि पेन्शनला जवळपास १.६१ लाख कोटी. हे आकडे कुणालाही पाहता येतात.

माझ्या मते खरं दुखणं वेगळंच आहे. तपासणी होते, पण तिचं पुढे काही होत नाही.

२०१८ चंच बघा. या मागण्या तपासणाऱ्या संरक्षणविषयक स्थायी समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ खासदार असतात, मंत्री एकही नसतो. तेव्हाचे अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी भाजपचेच. समितीपुढे उपलष्करप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे. आधीच झालेल्या करारांचे हप्ते भागवायला २९,०३३ कोटी लागणार होते आणि मिळाले होते २१,३३८ कोटी. मग नवीन खरेदी कशातून करायची? समितीने हे सगळं अहवालात छापलं. अहवाल १३ मार्चला संसदेत आला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने सगळ्या मागण्या गदारोळात, चर्चेविना, ‘गिलोटिन’ लावून, म्हणजे एकदम मतदानाला टाकून, मंजूर केल्या. इतकी गंभीर साक्ष आणि सभागृहात त्यावर एक तासही नाही, याचा मला आजही संताप येतो. सप्टेंबरमध्ये खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. विरोधकांनी त्याचा संबंध या अहवालाशी जोडला.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे मूळ कारण.

खर्च झाल्यावर कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक, हिशेब तपासतं. तिथे मात्र गुप्तता आड येते. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरच्या २०१९ च्या अहवालात सौदा आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडल्याचं म्हटलं होतं, पण मूळ किमती झाकलेल्या होत्या. तुलना बरोबर आहे की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं कसं? तोही अहवाल आला अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर समितीचे अहवाल लोकसभेच्या वेबसाइटवर हिंदी-इंग्रजीत असतात. त्यात शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणारे ‘कृती अहवाल’ (Action Taken Reports) शोधा आणि सरकारची जी उत्तरं समितीने अमान्य केली, ते प्रकरण आधी वाचा. आपल्या खासदाराला विचारायचे प्रश्न तिथे तयारच मिळतील.